शिंत्रेकाकांचा नवा बॉयलर

शिंत्रेकाका आमच्या वेस्ट विंडसरच्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा मी चहा टाकायला वळले, तेवढ्यात ते बूट काढून सरळ बेसमेंटचं दार शोधायला लागले. "चहा नंतर. आधी तुमचा बॉयलर दाखव." मी हबकलेच. ओळख जेमतेम गणपतीतली. प्रसादाच्या रांगेत माझा नवरा मंदार त्यांना सहज बोलून गेला होता की घर गरम ठेवणारा आमचा जुना बॉयलर गेला, थंडीच्या आत नवा बसवायचाय. काकांनी पत्ता विचारून घेतला आणि थंडी पडल्यावर एका शनिवारी सकाळी दारात हजर. मी नागपूरची. आमच्याकडे पाहुणा आला की आधी बसतो, मग खातो, मग पुन्हा बसतो. हा माणूस बसायलाच तयार नव्हता.

बसणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं. सांगलीहून इंजिनियर होऊन साठच्या दशकाच्या शेवटी इकडे आले, सगळी नोकरी कागदाच्या कारखान्यात बॉयलर सांभाळण्यात काढली, रिटायर झाले. पण ते त्यांच्या पायांना कोणी कळवलं नव्हतं. कोणाकडे जेवायला गेले तरी हातात ताट घेऊन भिंतीलगतच्या रेडिएटरला हात लावत फिरायचे. ही खोली गार, ती गरम, इथे पाइपात हवा अडकलीय. यजमानीण मागे भाताचं पातेलं घेऊन. काकू म्हणायच्या, "ह्यांना मी फक्त विमानात बसलेलं पाहिलंय, तेही पट्टा बांधला म्हणून." आमची ओळख झाली त्याच्या पुढच्या वर्षी काकू गेल्या आणि काकांचं फिरणं आणखीच वाढलं.

तर त्या शनिवारी. आमचा नवा बॉयलर हाय-एफिशियन्सी, म्हणजे कमी गॅस खाणारा, भिंतीवर टांगलेला, एखाद्या मोठ्या सुटकेसएवढा. कंपनीचा माणूस तो बसवून गेला होता आणि सोमवारी येऊन चालू करून देणार होता. मी शाल गुंडाळून कुडकुडत होते. म्हटलं, काका, बटण तर दाबायचंय, दाबून टाका की. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी कच्चे पोहे वाढलेत. "बसवलेला बॉयलर वेगळा आणि तयार बॉयलर वेगळा. आधी तयार करू. पेटवायला काय, काडीसुद्धा पेटते."

मग तयारी सुरू झाली. जुन्या पाइपांतलं पाणी सोडलं तर डांबरासारखं काळं निघालं. ते स्वच्छ येईपर्यंत काका पाइप धूत राहिले. मग नवं पाणी भरलं आणि एकेका खोलीच्या पाइपातली हवा नळीवाटे बादलीत काढली. बुडबुडे थांबेपर्यंत मला बादलीपाशी उभं केलं. गळती कळावी म्हणून गॅसच्या जोडांवर साबणाचा फेस लावला. मग बाहेर जाऊन भिंतीतून निघालेले धूर-हवेचे पांढरे पाइप वाकून बघितले. शेवटी बॉयलरखालच्या एका वाकड्या नळीवर टिचकी मारली. सिंकखाली असते ना, तसली. "ह्या बॉयलरचा धूर इतका गार होतो की त्यातनं पाणी सुटतं. ते इथून जातं. नळीत पाणी साठलेलं असलं की धूर इकडून घरात येत नाही. पण नवी नळी कोरडी असते, म्हणून पहिलं पाणी आपण ओतायचं. हे भलेभले विसरतात." आणि माझ्या हातात पाण्याचा मग दिला. पाणी मी ओतलं. सोमवारी कंपनीच्या माणसाला बटण दाबण्यापलीकडे काही कामच उरलं नाही.

त्यानंतर काका आमचे झाले, किंवा आम्ही त्यांचे. ओळखीत कोणाकडे नवा बॉयलर बसला की काका तिथे जायचे आणि टॉर्च धरायला मला न्यायचे. मी दिवसभर कॉम्प्युटरसमोर डोकं फोडणारी बाई, मला त्या बेसमेंटांत मजा वाटायला लागली. काम करताना काका एकेक गोष्ट मोठ्यानं म्हणत जायचे, परवचा म्हटल्यासारखी. पाणी, हवा, फेस, पाइप, नळी. आणि अधूनमधून माणसांवरही घसरायचे. मंडळाच्या एका अध्यक्षांचं भाषण लांबलं तेव्हा माझ्याकडे वाकून म्हणाले, "ह्यांच्यातली आधी हवा काढायला पाहिजे, म्हणजे थोडी ऊब तरी येईल." मी पदर तोंडात कोंबला होता.

मग हळूहळू काही गोष्टी घडायला लागल्या. दूध गॅसवर ठेवून काका फिरायला गेले आणि परत आले तेव्हा घरभर धूर. गाडी स्टेशनच्या पार्किंगमध्ये चालूच राहिली. एकदा तर प्रिन्स्टन जंक्शन स्टेशनवरून घरी यायचा नेहमीचा रस्ता चुकून भलतीकडेच निघाले. मंदारनं जाऊन आणलं. त्यांचा मुलगा निखिल दूर फ्रिस्कोला, विमानानं चार तासांवर राहायचा. त्याला हे कोणाकडून तरी कळलं, आणि त्याचे फोन सुरू झाले. बाबा, घर विका, इकडे या. काका चिडायचे. "इथे तुझी आई राहिली. मला तिथे खोली देशील, पण मी तिथे करू काय? सोफ्यावर बसवून ठेवशील मला." शेवटी ठरलं की निखिल थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत येईल, चार दिवस राहून बघेल आणि मग काय ते ठरवेल.

काकांनी काय करावं? नेमका तेव्हाच आपला जुना बॉयलर काढून नवा बसवून घेतला. जुना चांगला चालत होता, पण त्यांना दाखवायचं होतं की मी इथून हलत नाही. कंपनीच्या माणसाला म्हणाले, बसवा तुम्ही, तयार मी करणार. मला फोन केला, "अनघा, शनिवारी ये. टॉर्च धरायला." टॉर्चसाठी मुलगा घरात होता की. त्यांना आपल्या बाजूचं माणूस हवं होतं.

मी गेले तर घरातली हवाच बिनसलेली. बाप जिन्यावरून खालीवर करतोय, मुलगा कानाला फोन लावून किचनमध्ये येरझारा घालतोय. येरझारा मात्र अगदी बापासारख्या. मला म्हणाला, "अनघाताई, तुम्ही तरी सांगा ना. ही इज नॉट सेफ अलोन. मला रात्री झोप लागत नाही, यार." खरंच लागत नसावी, डोळे तसे दिसत होते. मला त्याचा राग करायचा होता आणि धड करता येईना.

बेसमेंटमध्ये मात्र काका फॉर्मात होते. पाइप धुऊन झाले, पाणी भरून झालं. हवा काढताना पाइपावर हात ठेवून डोळे मिटून उभे राहिले, आतलं ऐकत. फेस लावला. बाहेर जाऊन पाइप बघून आले. निखिलही खाली येऊन जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभा राहिला आणि त्याच्या चेहऱ्यावर मला पहिल्यांदाच थोडं कौतुक दिसलं. काका त्याला म्हणाले, "बघ. चाळीस वर्षं हेच केलं." आणि त्यांचा हात स्विचकडे गेला.

वाकडी नळी कोरडीच राहिली होती.  वाटलं, आता म्हणतील, आता म्हणतील. नाही म्हणाले. मी बोलले असते तर निखिलनं तिथेच निकाल दिला असता. मी गप्प राहिले असते तर धूर घरात. तेवढ्यात निखिलचा फोन वाजला आणि तो वळून जिन्यावर गेला. मी कोपऱ्यातल्या नळावर पाण्याचा मग भरला, खाली बसले, नळीचं झाकण काढलं आणि पाणी ओतलं.  वर पाहिलं तर काकांचा हात स्विचवर तसाच होता आणि ते माझ्याकडे बघत होते. इतकं स्तब्ध मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

निखिल परत आला. "झालं? करा ना चालू." मी आपली झाकण घट्ट करत होते, मान खाली घालून. काका म्हणाले, "निखिल, माझं तिकीट काढ." तो म्हणाला, "काय?" "तिकीट काढ. मी आज नळी विसरलो. हिनं तू नसताना गुपचूप पाणी ओतलं. ती नसती तर मी तसाच पेटवला असता." निखिल जिंकायला आला होता, पण तो पायरीवर मटकन बसला आणि त्यानं चेहरा हातांत धरला. काका त्याच्याजवळ गेले, डोक्यावर हात ठेवला. मग परत येऊन स्विच दाबला. बारीक घरघर झाली, आत ज्योत धरली. "घर विकायचं तर घेणाऱ्याला गरम मिळालं पाहिजे," म्हणाले, आणि सवयीनं पाइपाला हात लावून बघायला लागले.

जानेवारीत घर विकलं. फ्रिस्कोला काका दीडेक वर्ष होते. तिथे बॉयलर नव्हता, छतातून गरम वारा यायचा, फोनवर म्हणायचे, "इथे हात लावायला काही नाही बघ." शेवटी शेवटी फोनही निखिलच घ्यायचा. मग एका सकाळी त्यानंच कळवलं की बाबा गेले. मी ऑफिसातून उठून पार्किंग लॉटमध्ये फेऱ्या मारत राहिले, रडत.

काकांशी मी एकदाच भांडले, नळी राहिली त्याच शनिवारी, ते मला गाडीपर्यंत सोडायला आले तेव्हा. माझं डोकं तापलं होतं. म्हटलं, "कशाला सांगितलंत? एवढं सगळं नीट चाललं होतं. निखिलनं बघितलंसुद्धा नव्हतं. मी येत राहिले असते ना दर शनिवारी, बघितलं असतं सगळं."

"तेच की. तू येशील, मी काय विसरलो ते शोधत फिरशील. आणि तू काय शोधतेस ते मी बघत बसेन."

"मग काय झालं? मी जन्मात कोणाला सांगितलं नसतं, काका."

त्यांनी माझ्या गाडीचं दार उघडून धरलं. "मला माहीत आहे, पोरी," म्हणाले, "म्हणून तर मला सांगावं लागलं."