खंडेनवमीच्या रांगेतला लॅपटॉप

खोक्याचे झाकण उघडल्याबरोबर सर्वांत आधी आला तो वास. नवी छत्री, कंपासपेटीतले कोरे रबर आणि नुकतीच पुसलेली दवाखान्याची फरशी या तिन्हींचा मिळून एकच वास होऊ शकतो, हे मला वाईच्या आमच्या भाड्याच्या खोलीत त्या दुपारी कळले. नव्वदचे दशक सरत आले होते. पुण्याच्या एका संगणक कंपनीत नोकरी करणारा माझा धाकटा भाऊ तीन महिन्यांसाठी परदेशी निघाला होता आणि जाण्यापूर्वी आपला कोराकरकरीत लॅपटॉप माझ्या हवाली करायला आला होता.

मी त्या यंत्राकडे पाहिले ते डोळ्यांनी कमी आणि कातडीने जास्त. झाकणावरून तळवा फिरवला, तर पाटा धुऊन उन्हात ठेवल्यावर लागतो तसा गुळगुळीत कोरडेपणा हाताला लागला. कळ दाबली, तेव्हा आत कोणीतरी दबक्या आवाजात ऊस खात असल्यासारखी करकर सुरू झाली. मग पडदा उजळला. पहाटेचे आभाळ, पण ज्यात एकही पाखरू नाही, अशी ती निळाई होती. मांडीवर घेतल्यावर थोड्याच वेळात मांजर येऊन बसल्याची ऊब जाणवू लागली, आणि मी नकळत त्याला थोपटले.

"ताई, हा बाजारातला सगळ्यात वेगवान आहे," भाऊ म्हणाला. "तुमच्या अख्ख्या तालुक्याचे सातबारे यात मावतील. तू एक वाक्य पूर्ण करेपर्यंत हा कंटाळून जाईल."

"त्याला म्हणावं, रांगेत उभा राहा. माझे मार्गदर्शक सहा वर्षं कंटाळलेत."

हे विनोदाने म्हटले, तरी विनोद नव्हता. मी महाविद्यालयात मराठी शिकवीत होते आणि कृष्णाकाठच्या बायकांचे उखाणे या विषयावर प्रबंध लिहीत होते. विद्यापीठाने दोनदा मुदत वाढवून दिली होती. तिसऱ्यांदा वाढवणार नाही, असे पत्र आले होते, आणि त्या पत्रात एकही विशेषण नव्हते. दसरा उलटून दोन दिवसांनी, संध्याकाळी पाचपर्यंत प्रबंध कोल्हापूरला जमा झाला नाही, तर माझी नोंदणी रद्द होणार होती. सांगलीच्या छपाईवाल्याने बजावले होते, की दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आठला फ्लॉप्या हातात पडल्या, तरच तो प्रती छापून, बांधून देईल.

कळफलकावर मी मराठी अक्षरांच्या चिठ्ठ्या चिकटवल्या आणि लिहायला बसले. बोटांखाली पत्र्यावर ज्वारी सांडल्यासारखा आवाज होई. कळांच्या खाली एक काळी चौकोनी पट्टी होती. तिच्यावर बोट फिरवले, की पडद्यावरचा बाण पळे. पहिले चार दिवस मी त्या बाणामागे हरभऱ्यातला टोळ पकडायला धावावे तशी धावले. पाचव्या दिवशी तो माझ्या हाताला आला, आणि त्यानंतर आमचे बरे जमले. एवढे वेगवान यंत्र, पण ते माझ्या दोन बोटांच्या चालीने, बैलगाडीमागून चालणाऱ्या मोटारीच्या सोशिकपणाने चालत राहिले.

नवरात्र आले तेव्हा शेवटचे प्रकरण तेवढे उरले होते. माझे यजमान सैन्यात, त्या वर्षी सीमेवर होते. सासूबाईंचा निरोप आला, की सणाला घर भरलेले हवे. मी रजा काढली, प्रकरणाचे हस्तलिखित पिशवीत घातले, लॅपटॉप मांडीवर घेतला आणि कराडमार्गे कुंडलची एसटी धरली.

"बाई, मांडीवर काय हाय?" कंडक्टरने विचारले.

"संगणक."

त्याने पिशवीत डोकावून पाहिले. "एवढं जपून धरलंय, मला वाटलं तान्हं हाय. मांडीवर हाय तवर तिकीट न्हाई. शिटावर ठिवलं, तर मातर अर्धं."

लग्नाला चार वर्षे झाली होती, पण खंडेनवमीला सासरी असण्याची ती माझी पहिलीच वेळ. सकाळी दहाच्या सुमारास घराच्या पुढच्या सोप्यात घोंगडी अंथरून सासऱ्यांनी शस्त्रपूजा मांडली. ते सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. त्यांच्या हाताखाली आता पाच एकर ऊस आणि ही अवजारे एवढीच पलटण उरली होती. विळा, खुरपे, पंपाचा पाना, नांगराचा फाळ, ऊसतोडीचे कोयते आणि शेवटी बाराबोरची बंदूक, सारे त्यांनी उंचीप्रमाणे लावले. खुरप्याची मूठ बोटभर पुढे आलेली दिसताच त्यांनी ती चपलेच्या टोकाने नव्हे, वाकून, दोन्ही हातांनी मागे सरकवली. तेलपाणी केलेल्या लोखंडाचा आणि झेंडूचा उग्र वास सोप्यात एकमेकांशी भांडत होता.

"सूनबाई, तुझं हत्यार आन."

पेन आणले असते, तर ही हकिकत इथेच संपली असती. परंतु कवितेवर वाढलेल्या माणसाला प्रसंग दिसला की प्रतिमा सुचते, आणि प्रतिमा सुचली की अक्कल रजेवर जाते. कोयत्याच्या पात्यावर पडलेला उन्हाचा कवडसा मी पाहिला, आणि त्याच्याशेजारी ती काळी, मिटलेली, निमूट वस्तू मला दिसू लागली. मी आत जाऊन लॅपटॉप आणला आणि कोयता व बंदूक यांच्यामध्ये ठेवला.

सासूबाईंनी झाकणावर हळदीकुंकवाची बोटे ओढली, अक्षता वाहिल्या, झेंडूची माळ घातली. आरती झाली. भरल्या मनाने मी लॅपटॉपला नमस्कार केला आणि तो उचलायला हात पुढे केला.

"हात मागं!"

मी हात मागे घेतला. त्या आवाजाने बहुधा फाळही थोडा मागे सरकला असावा.

"मामा, मला लिहायचंय."

"पूजेत बसलेलं हत्यार उद्या सांजच्याला उचलायचं, शिलंगनाला निघताना. तवर हलवायचं न्हाई."

"माहेरी आरती झाली की आम्ही लगेच उचलायचो."

"तुज्या म्हायेरी पुस्तकं ठिवत्यात. हितं धार हाय धार!"

उरलेली अडतीस पाने होती. तासाला दोन पाने हा माझा वेग. हाती होते दोन दिवस, आणि ते दोन्ही मी स्वतःच्या हाताने, फुले वाहून, घोंगडीवर ठेवून आले होते. मी स्वयंपाकघरात जाऊन कांदा चिरायला घेतला, म्हणजे डोळ्यांना काही कारण राहावे.

सासूबाई फसल्या नाहीत. "कांदा येक, आन् पानी घागरभर? काय झालं?"

मी सांगितले.

"रद्द म्हंजी?"

"म्हणजे सहा वर्षं पाण्यात, आत्या."

"आन् मी सांगितल्याला उखाना?"

"तोही पाण्यात."

त्यांनी पदराला हात पुसले आणि त्या सोप्यात गेल्या. मी दाराआड उभी राहिले.

"आवं, पोरगं कुटं हाय आत्ता?"

"सीमेवर. म्हाईत न्हाई का तुला?"

"आज त्याची बंदूक पूजेत बसलीया का?"

"पल्टनीत पूजा आसतीया. लय मोठी आसतीया," सासरे अभिमानाने म्हणाले.

"आन् जी पोरं पहाऱ्यावर हायती त्यांची? ती बी बंदुका घोंगडीवर ठिवून आरती म्हनत बसल्यात?"

मिशीकडे निघालेला सासऱ्यांचा हात वाटेतच थांबला. अंगणातली कोंबडी पायरी चढून आली, रांगेची पाहणी करून परत गेली.

"पहाऱ्यावरचं हत्यार ड्युटीवर आसतं," ते अखेर म्हणाले. "त्याला जिथल्या तिथं फूल वाहायचं."

"मग हिचं बी ड्युटीवर हाय. परवा सकाळच्याला छापखान्याची मुदत हाय. मुदत म्हंजी काय, ते मी सुभेदाराला सांगू व्हय?"

सासरे उठले, रांगेपुढे येऊन उभे राहिले आणि निकाल दिला. "चालंल. पन जागा सोडायची न्हाई. हाय तिथंच चालवायचं. खालच्या तांदळाचा दाना बी हालता कामा नये."

अशा रीतीने माझ्या प्रबंधाचे शेवटचे प्रकरण कोयता आणि बंदूक यांच्यामध्ये लिहिले गेले. पाटावर मांडी घालून, कंबरेत वाकून मी टंकन करू लागले. झाकण उघडले, तेव्हा झेंडूची माळ पडद्याच्या माथ्यावर चढून बसली आणि तिथेच राहिली. वाक्याच्या शेवटी मान वर केली, की निळ्या पडद्यावर केशरी पाकळी उतरलेली असे. तिचे काय करावे, हे माझ्या भावाने शिकवलेले नव्हते. विजेची तार तिथवर पोचत नव्हती. सासऱ्यांनी पंपाच्या खोपटातून हिरवी लांबलचक वायर आणली आणि फाळाला वळसा घालून, कुठेही न शिवता, मोर्चेबांधणी केल्यासारखी अंथरली. दुपारी दोनला वीज गेली. पडद्याच्या कोपऱ्यातले बॅटरीचे चिन्ह पणतीतल्या तेलासारखे खाली खाली जाऊ लागले. मी आणि सासरे दोघेही त्याच्याकडे श्वास रोखून पाहत होतो. तेल तळाला लागले, तेव्हा सोप्यातला दिवा फडफडून पेटला.

"कुमक आली," सासरे म्हणाले.

सणाचा दिवस. शेजारणी पूजेच्या दर्शनाला येत होत्या. सासरे खुर्ची टाकून, काठी आडवी धरून पहारा देत होते. "दर्शन घ्या, पुढं व्हा. कामावर हाय ती, बोलू नगा." एका आजीबाईंनी विळ्याला कुंकू लावले, फाळाला लावले, कोयत्याला, लॅपटॉपला, आणि त्याच लयीत मलाही लावून त्या बंदुकीकडे वळल्या. मी मान थोडी पुढे केली, बोटे थांबवली नाहीत.

दसऱ्याच्या दुपारी सासूबाई माझ्या मागे येऊन बसल्या. त्या दर तासाला विचारीत होत्या, "माजा आला का?" आता तो आला होता. मी वाचून दाखवला:

"उसाच्या फडात वाऱ्याची शीळ,
अमुकरावांच्या मिशीला सुभेदारी पीळ."

"अमुकराव कोन मेला?"

"संशोधनात नाव गाळतात, आत्या. तशी पद्धत आहे."

"नाव गाळून उखाना? मग घेतलाच कशाला?"

सहा वर्षांत माझ्या मार्गदर्शकांनी विचारलेला नव्हता, असा हा प्रश्न होता. सासरे आढ्याकडे पाहत होते. त्यांचे कान मात्र आमच्याकडे होते.

"नाव ऱ्हाऊ दे," ते आढ्यालाच म्हणाले. "मिशी ठिवलीया न्हवं?"

चार वाजता शेवटचा पूर्णविराम पडला. पाठीचा कणा वाकलेल्या खिळ्यासारखा झाला होता. मी फ्लॉपी आत सरकवली, यंत्राने पुन्हा ऊस खाल्ला, आणि मी ती बाहेर काढायला गेले, तेव्हा माझाच हात अडखळला. हलवायचे नाही, हा निकाल यालाही लागू होता का?

सासऱ्यांनी वाकून पाहिले. "ते काडतूस हाय. काडतूस काढलं तर चालतंय."

चार काडतुसे रुमालात बांधून दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीने मी सांगली गाठली. छपाईच्या यंत्रातून येणारे एकेक पान भाकरीसारखे गरम होते. ते गालाला लावून पाहण्याचा मोह मी दोनदाच आवरू शकले. संध्याकाळी काळ्या कापडी बांधणीच्या प्रती, डिंकाचा ओला वास अजून अंगावर घेऊन, माझ्या हातात आल्या. त्याच्या दुसऱ्या दिवशी कोल्हापुरात खिडकीपलीकडच्या कारकुनाने पाने फडफडवली, पोच लिहिली आणि शिक्का मारला. इतक्या वर्षांचा शेवट एवढ्या छोट्या, बसक्या आवाजात व्हावा, याचे मला क्षणभर वाईट वाटले.

बाहेर येऊन मी टेलिफोनच्या टपरीवरून कुंडलला शेजाऱ्यांच्या घरी फोन लावला. सासरे तिथेच बसून असावेत. पहिल्या घंटेलाच त्यांनी उचलला.

"जमा?"

"जमा केला, मामा."

"किती वाजता?"

"चार वाजता."

"मुदत?"

"पाचची."

तारेतून घसा खाकरल्याचा आवाज आला.

"तासभरच आदी? पल्टनीत याला उशीर म्हनत्यात." आणि मग रिसीव्हर बाजूला न धरताच, माझा कान बधिर होईल अशा आवाजात ते ओरडले, "अगं, जमलं गं पोरीला!"

मागून, थोडा दूरवरून, सासूबाईंचा आवाज आला. "आवं, वरडताय काय? ती जेवली का, ते इचारा आदी."