शिलाई मशीनवर शिकलेली पिकअप

आमच्या ह्यांना बॅटरीची पिकअप चालवायला मी शिकवलं. मला स्वतःला सायकलसुद्धा धड येत नाही, तरी हे खरं आहे.

हे शनिवार पेठेतल्या एका अंड्यांच्या दुकानासाठी डिझेलची पिकअप चालवायचे. सकाळी वाघोलीच्या पुढच्या पोल्ट्रीत ट्रे भरायचे आणि नगर रोडच्या गर्दीतून पेठेत आणायचे. सगळं आयुष्य क्लच दाबण्यात गेलं आणि त्या क्लचनेच डावा गुडघा खाल्ला. डॉक्टर म्हणाले, क्लच बंद. आता घरी बसायची वेळ आली. हा माणूस घरी बसला तर खचेल, हे मला पक्कं माहीत होतं. रविवारीसुद्धा दुपारनंतर जिन्यात येरझाऱ्या घालणारा माणूस तो!

दुकानाचे शेठ मनाने चांगले. त्यांनी जुनी गाडी काढून बॅटरीची घेतली. "मामा, हिला क्लचच नाही. तुमच्यासाठीच आणलीय समजा," म्हणाले. पण शेठ पेठेतले, पुढचं वाक्य तयारच होतं. "फक्त अंडी आख्खी आणा. ऑम्लेट घरी मिळतं मला."

गाडी म्हणजे अशी देखणी, काय सांगू! आवाज नाही, धूर नाही, की बसल्या जागी अंग खिळखिळं होणं नाही. पण तिची एक खोड होती. रेसवरचा पाय उचलला की ती आपली आपणच वेग आवळायची. म्हणे त्यातून थोडी वीज बॅटरीत परत जाते. ह्यांना सवय डिझेलची. उजवा पाय रेसवरून झटकन उचलायचा आणि डावा त्याच दमात क्लचवर मारायचा. आता क्लच तर नाहीच, मग तो डावा पाय थेट ब्रेकवर आदळायचा. येरवड्याच्या सिग्नलला गाडीने असा काही हिसका दिला की मागचे ट्रे केबिनवर येऊन आपटले. पेठेत पोचेपर्यंत मागच्या फाळक्यातून बलक ठिबकत होता. दुसऱ्या दिवशीही तेच.

शेठ ओरडले नाहीत. "सोमवारचा माल बघू मामा. नाहीच जमलं तर दुसरा माणूस बसवतो. तुम्ही आराम करा."

हे घरी येऊन गाडीलाच नावं ठेवायला लागले. "गाडी कसली, खेळणं आहे ते!"

"नाचता येईना, अंगण वाकडं," मी म्हटलं. एरवी भांडले असते. त्या दिवशी अर्धी भाकरी ताटात ठेवून उठले. मग मात्र मला संताप आला, त्या 'आराम' शब्दाचा. आराम म्हणे!

मी ब्लाउज शिवते. कर्वेनगरच्या आमच्या खोलीत खिडकीशी माझं मशीन आहे, मोटर लावलेलं. रविवारी मी ह्यांना विचारलं, "रेस सोडता कशी, दाखवा." ह्यांनी फरशीवरून पाय झटकन उचलून दाखवला.

"कप्पाळ माझं! मोटरच्या पेडलवरून मी असा पाय उचलला तर गिऱ्हाईक ब्लाउज माझ्या तोंडावर मारेल. बसा इथे."

ह्यांना मशीनवर बसवलं. डावा पाय स्टुलाखाली मागे घ्यायला लावला. चिंधीवर खडूने रेघ मारली. "सुई बरोबर रेघेवर थांबली पाहिजे. चाकाला हात लावून थांबवायचं नाही. तो हात म्हणजे तुमचा ब्रेक. पाय उचलायचा नाही, हळूहळू सैल करायचा."

पहिल्या चिंध्यांची तर दैनाच झाली. सुई रेघ ओलांडून पळायची, नाहीतर अलीकडेच अडायची. मी हसले, तर हे चिडले. मी चहा ठेवला, हे उठले नाहीत. चहावर साय धरली तरी मान खाली घालून बसलेले. उन्हं उतरली तेव्हा "हे बघ" म्हणाले. शिवण सरळ नव्हती, पण सुई रेघेवर होती.

सोमवारी मीही शेजारी जाऊन बसले. डावा पाय मागे घ्या, हे एकदाच सांगावं लागलं. स्पीड ब्रेकर दिसला की हे लांबूनच पाय सैल करत आणि गाडी म्हैस पाण्यात उतरावी तशी सावकाश उतरत जाई. खराडीत एक दुचाकीवाला कानाला मोबाईल लावून आडवा आला. माझे डोळे मिटले. ह्यांचा उजवाच पाय ब्रेकवर गेला, डावा जागचा हलला नाही. मागे ट्रे बांधलेल्या दोऱ्या नुसत्या करकरल्या. मला ह्यांचा इतका अभिमान वाटला की त्या दुचाकीवाल्याला शिव्या द्यायच्या राहून गेल्या.

शेठनी ट्रे उचलून उचलून पाहिले. "मामा, आज प्लास्टिकची अंडी आणलीत का?" रोज दुकानाच्या खिळ्याला अडकवायची ती किल्ली त्यांनी ह्यांच्या हातात ठेवली. "गाडी घरीच न्या. उद्या थेट वाघोलीला निघा."

घरी आल्यावर ह्यांनी किल्ली माझ्या मशीनवर ठेवली आणि तिथेच उभे राहिले. मी राहिलेला ब्लाउज शिवत होते. हे माझ्या पायाकडे बघत होते.

"इतकी वर्षं शिवतेस. पाय किती हलका आहे गं तुझा. मी कधी बघितलंच नाही."

"बघायला घरात होतात कधी?" मी म्हटलं. आणि शिवण नीट दिसेना, म्हणून मशीन थांबवलं.