उंबराचा पार

आमच्या सोसायटीतला उंबर कोणी तोडला नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण आजही विषय निघाला की हेच वाक्य माझ्या तोंडावर फेकलं जातं. "वहिनी, तोडला का कोणी? उलट पार बांधला!" बांधला ना. तेच तर माझं दुखणं आहे.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी आम्ही बदलापूरला, मांजर्लीत राहायला आलो. तेव्हा आमच्या इमारतीच्या तिन्ही बाजूंना भाताची खाचरं होती आणि चौथ्या बाजूला, थोड्या अंतरावर, उल्हास नदी. फ्लॅट बघायला आलो त्या दिवशी आमच्या ह्यांनी सगळे नळ सोडून बघितले, भिंतींवर टकटक केलं, बिल्डरला गच्चीच्या गळतीवरून छेडलं. मी स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी राहिले, तर समोर मागच्या आवारात उंबर. जमीन विकणाऱ्या शेतकऱ्याने तो तसाच ठेवला होता. बुंध्यालाच लगडलेली फळं, खाली पिकल्या उंबरांचा सडा आणि वर कुठेतरी तांबट पक्ष्याची टुकटुक. माझं माहेर वांगणीकडच्या डोंगराखालचं. आमच्या झऱ्यावर असाच एक उंबर होता आणि त्याच्या सावलीत आम्ही हंडे भरायचो. मी ह्यांना म्हटलं, "हाच घेऊ या." त्यांना वाटलं, मला ओटा आवडला.

सोसायटी स्थापन झाली, आमचे हे सेक्रेटरी झाले. अध्यक्ष होते मोरिवलीच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले गृहस्थ. माणूस वाईट नव्हता, पण सुंदर म्हणजे काय हे त्यांनी आयुष्यभर कंपनीच्या गेटापाशी बघून ठरवलं होतं. रांगेत एकसारखी झाडं, बुंध्यांना चुना आणि गेरू, खाली पान नाही की फूल नाही. "आपलं आवार कंपनीसारखं दिसलं पाहिजे," असं ते प्रत्येक मीटिंगला म्हणायचे आणि सगळे माना डोलवायचे. खरं तर सगळे कुठल्या कुठल्या गावांतून आलेले. कोणी कोकणातले, कोणी घाटावरचे. पण फ्लॅटची किल्ली हातात आली की गाव अंगावरून झटकून टाकायचं, असा जणू नियमच होता.

कुंपणाला झाडं लावायचं ठरलं तेव्हा मी मीटिंगमध्ये उठून बोलले. म्हटलं, नदीकडच्या बाजूला करंज लावा, जांभूळ लावा, पुढे बहावा आणि ताम्हण लावा. खाली झुडपं हवीत तर निर्गुडी आणि अडुळसा. गुरं, बकऱ्या त्यांना तोंड लावत नाहीत आणि निर्गुडीची तर नुसती काडी खोचली तरी जगते. हे सगळं या मातीतलं आहे, पुराचं पाणी आलं तरी उभं राहील.

"जांभूळ?" अध्यक्ष म्हणाले. "वाळत घातलेले कपडे जांभळे होतील त्याचं काय?"

"आणि करंज म्हणजे जंगलीच की," तळमजल्यावरच्या काकू म्हणाल्या. "वहिनी, आपण रानातून इथे आलो ते पुन्हा रानच बघायला का?"

सगळे हसले. आमचे हेसुद्धा हसले, हे मी विसरलेले नाही. मी म्हटलं, मग निदान एक वड तरी लावा. वटपौर्णिमेला तुम्ही सगळ्याजणी स्टेशनबाहेर तोडलेल्या फांद्या विकत घेता आणि पाटावर ठेवून त्यांनाच सूत गुंडाळता, त्यापेक्षा आपल्या आवारात झाड असेल.

यावर अध्यक्ष एकदम गंभीर झाले. "छे छे! वड लावला तर उद्या तोडता येणार आहे का?"

मला वाटलं, माझ्या ऐकण्यात काहीतरी चुकलं. पण नाही. आजूबाजूचे सगळे "हो, खरंय" म्हणत होते. वड नको, पिंपळ नको, उंबर तर आहे तोच जड झालाय, कारण ही देवाची झाडं. एकदा लागली की कुऱ्हाड चालवता येत नाही. आम्ही झाडं निवडत होतो ती उद्या तोडता येतील का, हे बघून! त्या दिवशी घरी येऊन मी भांडी इतकी आपटली की खालच्या काकूंनी वर येऊन विचारलं, काही पडलं का.

झाडं आणायला कमिटी टेम्पो घेऊन उल्हासनगरला एका नर्सरीत गेली. मी हट्टाने बरोबर गेले. नर्सरीवाला सिंधी शेठ, तोंडाने गोड. मी करंज मागितला तर तो खरोखर गोंधळला. "बहनजी, करंज कौन खरीदता है? वो तो जंगल में ऐसे ही मिलता है." मग त्याने सुबाभळीच्या रोपांकडे बोट दाखवलं. "ये लगाओ और भूल जाओ. दो बारिश में दीवार के ऊपर." अध्यक्षांचा चेहरा उजळला. टेम्पो सुबाभळीने भरला.

मी माहेरून निर्गुडीच्या काड्या आणल्या आणि नदीकडच्या कुंपणालगत गुपचूप खोचल्या. एका पावसात त्या छान फुटल्या, निळसर तुरे आले. दिवाळीच्या साफसफाईत माळ्याला सांगितलं गेलं, जंगली असेल ते सगळं काढ. त्याने काढलं. पुढच्याच महिन्यात अध्यक्षांच्या पत्नींचा गुडघा सुजला आणि त्या मला विचारायला आल्या, "वहिनी, शेकायला निर्गुडीचा पाला कुठे मिळतो हो?" मी म्हटलं, "मिळत होता." त्यांना काही कळलं नाही आणि मला समजावून सांगायची इच्छा नव्हती.

सुबाभूळ मात्र शेठ म्हणाला तशीच वाढली. दोन पावसांत भिंतीच्या वर, नंतर पहिल्या मजल्याच्या खिडक्यांशी. येणारे पाहुणे म्हणायचे, काय हिरवंगार केलंय! मग शेंगा आल्या. झुबकेच्या झुबके, चपट्या, तपकिरी, वाऱ्यावर खुळखुळणाऱ्या. त्या उकलल्या आणि बी जिथे पडलं तिथे रोप आलं. गटाराच्या कडेला, पाण्याच्या टाकीखाली, गच्चीच्या भेगेत, माझ्या तुळशीच्या कुंडीत. मी उपटायचे. वरचा शेंडा हातात यायचा, मूळ आतच राहायचं आणि आठवड्यात एकाच्या जागी दोन फांद्या. कामावर जायच्या आधी, आल्यावर, रविवारी, मी उपटतच होते. तिच्याखाली दुसरं काही येईना. मी लावलेली कुड्याची रोपं तर हात हात वाढून वाळली. सांगायला गेले की उत्तर ठरलेलं, "वहिनी, हिरवं आहे ना? झालं तर मग."

आता उंबराचं. त्याच्याबद्दल तक्रारी वाढत होत्या. फळं पडतात, माशा होतात, संध्याकाळी वटवाघळं येतात, पक्षी कपड्यांवर घाण करतात. मला आतून धास्ती वाटायची, पण एक आधार होता. तोडायला बोलावलेला पहिला माणूस झाड बघून, हात जोडून परत गेला. दुसराही गेला. दत्ताच्या झाडाला कुऱ्हाड लावायची तर कमिटीतल्या कोणीतरी आधी घाव घालावा, असं तो म्हणाला आणि सगळे एकमेकांकडे बघू लागले. मी खिडकीतून बघत होते आणि मनात म्हणत होते, भ्या, असेच भीत राहा.

मग अध्यक्षांना कल्पना सुचली. तोडायचा नाही ना, तर पार बांधू. वर दत्ताच्या पादुका बसवू. आवार स्वच्छ, पुण्य पदरात. आणि इथे मला पहिल्यांदा वाटलं, चला, वाचला. देवच मदतीला आला.

पाराचं काम सुरू झालं. पुराचा चिखल वर येऊ नये म्हणून त्यांनी पार चांगला कमरेइतका उंच धरला आणि आत बांधकामाचा राडारोडा भरला. विटांचे तुकडे, जुना चुना, सिमेंटचे गड्डे. बुंधा कमरेपर्यंत गाडला गेला. वर कोबा आणि कोब्यावर गुळगुळीत पांढऱ्या फरश्या, थेट सालीला भिडवलेल्या. मी धावत खाली गेले. म्हटलं, हा भराव काढा, बुंध्याभोवती हातभर माती तरी मोकळी ठेवा, झाड पाणी कुठून पिणार?

"माती ठेवली की चिखल," अध्यक्ष शांतपणे म्हणाले. "पादुकांपुढे चिखल बरा दिसतो का, वहिनी?"

मी ह्यांच्याकडे बघितलं. सेक्रेटरी म्हणून तेच काम करून घेत होते. ते म्हणाले, "अगं, देवाच्या कामात तू आडवी येऊ नकोस." चार लोकांसमोर म्हणाले. त्यानंतर किती तरी दिवस मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलले.

दर गुरुवारी अभिषेक सुरू झाला. दूध, पाणी, मध, पुन्हा पाणी. मी खिडकीतून बघायचे. सगळं त्या फरश्यांवरून झुळझुळ वाहत कडेच्या गटारात जायचं. गटाराच्या कडेला सुबाभूळ माजली होती. उंबराच्या मुळाशी एक थेंब पोचत नव्हता. मी हे बोलून दाखवलं तर काकूंनी कानावर हात ठेवले. म्हणाल्या, असं बोलू नये.

पहिल्या वर्षी फळं कमी झाली. "बरं झालं, माशा गेल्या," लोक म्हणाले. दुसऱ्या वर्षी शेंड्याकडच्या फांद्या वाळल्या. मग तांबट यायचा बंद झाला. कोणी म्हणालं, नदीचं पाणी बिघडलंय. कोणी म्हणालं, पारावर कोणाची तरी विटाळाची सावली पडली. शांत करून घेतली, जास्त दूध ओतलं. फरशी उचलून बघा, असं मी सोडून कोणी म्हटलं नाही. नव्वदच्या दशकाच्या मधल्या एका उन्हाळ्यात माझ्या खिडकीसमोर उंबर पांढरा पडून उभा होता. मी ओट्याशी उभी राहून रडले. झाडासाठी काय रडायचं, असं ह्यांनी विचारलं.

पुढच्या पावसाळ्यात वाळका बुंधा आणि फरशी यांच्यामध्ये फट पडली. तिच्यातून एक कोंब वर आला. बारीक पानं, लुसलुशीत. मी खिडकीतून बघितलं आणि मला काय वाटलं ते सांगायचीही लाज वाटते. उंबर फुटला असं वाटलं! तशीच धावत खाली गेले. सुबाभूळ होती.

मी तिला मुठीत धरलं. मागून ह्यांचा आवाज आला, "अगं थांब. पारावरचं आहे ते. असं उपटू नये."

मी सगळा जोर लावून ओढलं. शेंडा हातात आला, मूळ आतच राहिलं. आठवड्यात तिथून दोन फांद्या फुटल्या. गुरुवारी सकाळी मी खिडकी उघडली तेव्हा कोणीतरी तिला हळदकुंकू वाहून, फूल ठेवून गेलं होतं.