जिलेबीचं फोल्डर

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही — आणि त्याला तर मी भाजीवालीशी झालेलं भांडणसुद्धा सांगते. मग तुम्हाला का सांगतेय? तुम्ही रोज समोर येणार नाही, म्हणून असेल.

द्वारका चौकाजवळ आमचा लग्नाच्या फोटो-व्हिडिओचा स्टुडिओ आहे. आमचा म्हणजे माझा आणि इम्रानभाईंचा. शूटिंग त्यांचं, कॉम्प्युटर माझा. माणूस देवासारखा — पण फोल्डरांना नावं काय द्यायचे? ज्या घरी जे जेवले, ते! मांडे. मठ्ठा. वांगं झणझणीत. नवरा-नवरीचं आडनाव त्यांच्या लक्षात राहायचं नाही, पंगत मात्र पक्की. "ताई, ती मठ्ठावाली पार्टी काढा ना," म्हणायचे, आणि मी शोधत बसायचे. डोकं फिरायचं माझं. खरंच फिरायचं.

मग मी तो एआय एजंट जोडून घेतला. आपण साध्या मराठीत सांगायचं, तो क्लाउडवरच्या फायली उचलून जागच्या जागी ठेवतो, नावं बदलतो. म्हटलं, बाबा, ही सगळी जेवणं काढून टाक — तारीख, कार्यक्रम, क्रमांक, एवढंच नाव ठेव. काय भराभर काम करत होता! मी चहा पीत बघत होते, आणि स्वतःला फार शहाणी समजत होते.

मध्येच तो थांबला. त्याने विचारलं — हे सांगायलाच हवं, त्याने विचारलं होतं — की 'जिलेबी' आणि 'गरम जिलेबी' या दोन फोल्डरांतल्या हळदीच्या व्हिडिओंना एकच नाव येतंय. दोन्ही ठेवू, की आधीच्याच्या जागी दुसरा टाकू? आता इम्रानभाईंना एकच गोष्ट दोनदा कॉपी करायची खोड. मला वाटलं, तेच असणार. उघडून बघायला कितीसा वेळ लागला असता? मी लिहिलं — दुसरा टाक, आणि सारखं सारखं विचारू नकोस.

एकाच तारखेची दोन वेगळी लग्नं होती ती. दोन्ही घरी हळद एकाच दिवशी, एकीकडे सकाळी, दुसरीकडे संध्याकाळी, आणि दोन्ही घरी जिलेबी.

इथवर चूक. नुसत्या चुकीसाठी मी हे लिहायला बसले नसते.

थोड्याच दिवसांत निफाडकडच्या एका गावातून मुलीचा फोन आला. तिच्या लग्नाचं शूटिंग आमचंच. तिची आई अचानक गेली होती. लग्नाच्या फिल्ममध्ये आम्ही हळदीवर सिनेमाचं गाणं लावलेलं — सगळेच लावतात. पण जात्यावर हळद दळताना तिची आई ओव्या म्हणत होती, आणि तो आवाज मूळ व्हिडिओत होता. "ताई, मला फोटू नको. आईचा आवाज तेवढा द्या. लय उपकार व्हतील."

मी फाइल उघडली. दुसऱ्याच घरची हळद. मी सगळीकडे शोधत सुटले.

पण ऐका — तो व्हिडिओ अजून गेला नव्हता. क्लाउडच्या कचरापेटीत होता, आणखी काही दिवस तिथे राहणार होता. अडचण एवढीच की अकाउंट इम्रानभाईंचं. पेटीतून काही परत काढायचं तर मंजुरी त्यांच्या मोबाईलवर मागितली जाणार. म्हणजे त्यांना सांगावं लागणार. आणि त्या जेवणांच्या नावांवरून मी त्यांना काय काय नव्हते बोलले? गिऱ्हाइकांसमोर बोलले होते. 'तुमच्या पोटापायी धंदा बुडेल एक दिवस' — हे माझं वाक्य. आता कुठल्या तोंडाने सांगू?

उद्या सांगू, म्हटलं. मग म्हटलं, लग्नसराई संपू दे. रोज पेटी उघडून बघायची — आहे ना? आहे. की बरं वाटायचं! एके सकाळी पेटी रिकामी. आणि आता लपवत नाही — मला रडू नाही आलं. सुटले, असं वाटलं. शी! पण वाटलं.

मुलीला सांगितलं, कॅमेऱ्याचं कार्डच खराब निघालं, चित्र आलं पण आवाज उतरलाच नाही. इम्रानभाईंनाही तेच. कार्ड त्यांनीच आवाज न तपासता पुढच्या लग्नासाठी पुसलेलं, त्यामुळे त्यांना लगेच पटलं. आपलाच हलगर्जीपणा, म्हणाले. मोटरसायकल काढून त्या गावाला गेले, तिच्या वडिलांपुढे हात जोडले. "चाचा, तुम्ही काय मुद्दाम केलं का?" असं उलट ती पोरगीच त्यांना म्हणाली. परत येऊन हे सांगताना त्यांचे डोळे भरून आले. तेव्हा तरी बोलायचं होतं ना? मी उठले आणि त्यांना पाणी आणून दिलं.

आता ते फोल्डरांना जेवणाची नावं देत नाहीत. "तुम्ही म्हणाल तसं, ताई." लग्नघरी पंगतीतही बसत नाहीत, कार्ड खिशात घालून तडक स्टुडिओत येतात. मी ते लावलं की माझ्या खुर्चीमागे उभे राहतात, कॉपी पूर्ण होईपर्यंत हलत नाहीत. मग विचारतात, "ताई, आवाज आला ना?"

मी हेडफोन लावते, ऐकते आणि म्हणते, "आला."