मास्तरांना कबूल आहे

ड्रायव्हिंग स्कूलच्या मास्तरांना गल्लीत सगळे ‘ब्रेक मास्तर’ म्हणत. शिकाऊ गाडीत शेजारच्या सीटपुढेही एक ब्रेक असतो आणि मास्तरांचा पाय त्यावर कायमचा मुक्कामाला. पोरगा नाकासमोर चालवत असला तरी हे ब्रेक दाबून त्याला घाम फोडणार आणि वर सुनावणार, “स्टिअरिंग तुझ्या हातात असेल, गाडी माझ्या पायाखाली आहे!”

अर्ध्या गावाला त्यांनी लायसन्स मिळवून दिलं. बायकोचं मात्र लर्निंगच चाललं होतं. ते संपलं की नवं काढायचं, कारण मास्तरांच्या मते तिचा “हात बसला नव्हता”. तिला बायकांसाठी वेगळे क्लास काढायचे होते. हात नेमका त्याच पायी बसत नाही, असं शेजारणी म्हणत. आणि शेजारणींची खबर सहसा पक्की असते.

एका जुन्या विद्यार्थ्यानं नवा ट्रक घेतला म्हणून दुपारची पार्टी दिली. मास्तर नाकापर्यंत प्यायले. सोबत आलेल्या मास्तरीणबाईंनी त्यांना शेजारच्या सीटवर कोंबलं आणि स्वतः शिकाऊ गाडी काढली. बाजारातून काढली, चढावर ट्रॅफिकमध्ये थांबवली, पुन्हा उचलली, पण इंचभर मागे सरकू दिली नाही. मास्तरांना चूक काढायला जागाच सापडेना. मग मोकळ्या सरळ रस्त्यावर त्यांनी धाडकन ब्रेक दाबला. मागून स्कूटरवाला येऊन आदळला, बिचाऱ्याचा हात मोडला.

“गाडी कोण चालवत होतं?” हवालदारानं विचारलं.

“मी,” बाई म्हणाल्या.

मास्तर खदखदून हसले. “ही? हिला धड रिव्हर्स येत नाही! गाडी माझ्या ताब्यात होती. घ्या लिहून.”

हवालदारानं लिहून घेतलं आणि मास्तरांच्या तोंडापुढे मशीन धरलं. दारू पिऊन गाडी चालवल्याचा गुन्हा लागला.

वकील त्यांचाच विद्यार्थी. टेस्टमध्ये तीनदा नापास झालेला, त्यामुळे त्याला आज जरा गुदगुल्याच होत होत्या.

“मास्तर, कबूल केलंत तर लायसन्स जाणार, शाळेला कुलूप. नाकबूल म्हणा. स्टिअरिंगवर काकू होत्या, चांगल्या चालवत होत्या, ब्रेक तुम्ही दाबलात, एवढं सरळ सांगायचं. पिऊन शिकवल्याचा दंड होईल, स्कूटरवाल्याला भरपाई द्यावी लागेल. पण शाळा वाचेल.”

“चांगल्या चालवत होत्या, हे कशाला मध्ये?”

“नाहीतर अपघात त्यांच्या माथी येईल ना! मग त्यांना कोण लायसन्स देणार?”

घरी बाई भांडी घासत होत्या. मास्तर दारात घुटमळले.

“काय ठरवलंत?”

“बघतोय.”

“बघायचंय काय त्यात? खरं सांगा. मी येते साक्षीला.”

“चारचौघांत सांगू की दारू मला चढली आणि बायकोनं घरी आणलं?”

“गल्लीला ते पाठ आहे.” बाईंनी नळ बंद केला. “तुमच्या घशात अडकलंय ते दुसरंच.”

मास्तरांचा रात्रभर डोळा लागला नाही. त्यांना तो चढ आठवत होता. इतकी अलगद गाडी त्यांच्या एकाही विद्यार्थ्यानं उचलली नव्हती. पण हे कोर्टात बोलायचं म्हणजे आजवर तिला खोटं अडवलं, हेही आलंच की.

कोर्टात मॅजिस्ट्रेटबाईंनी विचारलं, “गुन्हा कबूल आहे?”

मागच्या बाकावर बाई साक्षीसाठी पदर सावरून तयार बसल्या होत्या. मास्तरांनी एकदा वळून पाहिलं.

“कबूल आहे. गाडी मीच चालवत होतो.”

वकिलानं कपाळावर हात मारला. लायसन्स गेलं. संध्याकाळपर्यंत शाळेचा बोर्ड उतरवावा लागला. गल्लीत मात्र मास्तरांचा भाव वधारला. बायकोवर बालंट येऊ नये म्हणून स्वतःच्या पोटावर पाय दिला म्हणे! मास्तरांनीही मान खाली घालून ते कौतुक गोड मानून घेतलं.

जेवताना बाईंनी ताट जरा जोरातच पुढ्यात ठेवलं.

“शेजारच्या वहिनी दारात येऊन रडत होत्या. म्हणाल्या, नशीबवान आहेस, असा नवरा मिळाला.”

मास्तरांचा घास हातातच राहिला. “मग? तू काय म्हणालीस?”

“हो म्हणाले. तुम्ही कोर्टात खोटं बोललात, मी दारात. जेवा आता.”