पळसाच्या देठांचा देह

या सदरातील अनुभव मी नियमाने वाचतो. मात्र त्यांपैकी एकावरही माझा विश्वास बसला, असे प्रामाणिकपणे म्हणवत नाही. नेरूळला राहून चाळीस वर्षे अंत्यविधी सांगतो आहे. यजमान घाबरून काही बोलू लागले, की मी त्यांना न्यायशास्त्राचा पहिला धडा ऐकवतो — धुरावरून अग्नीचे अनुमान करण्यापूर्वी तो धूर आहे की धुके, एवढे पाहावे. म्हणूनच पुढील वृत्तान्त लिहिताना संकोच वाटतो...

गेल्या माघातील वद्य एकादशीस जासईच्या हिराबाईंनी मला बोलावले. वय चौऱ्याऐंशी. त्यांचे वडील धर्मा मिठाच्या मचव्यावर खलाशी होते. दुसऱ्या महायुद्धात सरकारला बंदूक धरणारे हवे होते, तसे ब्रह्मदेशातील नद्यांतून रसद वाहणारे नाववालेही हवे होते. धर्मा गेले तेव्हा हिराबाई तान्ह्या होत्या. पुढे कागद आला — ‘बेपत्ता’. ‘मृत’ नव्हे. त्या एका शब्दाच्या आधारावर त्यांच्या आईने मरेपर्यंत कुंकू लावले आणि पतीचे श्राद्ध कुणाला करू दिले नाही.

आता हिराबाईंचे हृदय थकले होते. आपल्यामागे वडिलांसाठी आठवणीने पाणी सोडणारे कुणी उरणार नाही, ही त्यांची चिंता. आणि विधी केला तर आई खोटी ठरते, हा पेच.

“आई, ऐंशी वर्षं झाली,” त्यांचा मुलगा नरेश म्हणाला. “आजोबांनी शंभरी कधीच ओलांडली असती. उगाच टेन्शन घेतेस.”

“तुजी सासू पंच्यान्नवची हाय. तिला जालतोस का?”

मी हिराबाईंना समजावले, की देह न सापडलेल्यासाठी शास्त्राने पालाशविधी, म्हणजे पळसाच्या देठांचा पुतळा करून त्याचे दहन, सांगितला आहे. आणि तो मनुष्य पुढे जिवंत परतलाच, तर त्याला पुन्हा संस्कार करून घरात घेण्याचीही तरतूद आहे. हे ऐकून त्यांनी होकारार्थी मान हलवली.

खाडीकाठच्या स्मशानात सकाळी दहाच्या सुमारास आरंभ केला. नरेशने कर्नाळ्याकडून पळसाची पाने आणली होती. त्यांचे तीनशे साठ देठ मोजून दर्भावर मांडले, मस्तकाच्या जागी नारळ ठेवला, लोकरीच्या धाग्याने बांधून वर सातूचे ओले पीठ लिंपले. पुतळा उताणा, पाय सरळ, हात दोन्ही बाजूंना. हे मी स्वतः केले. याविषयी तिळमात्र शंका नाही.

हात धुण्यासाठी नळापाशी गेलो. नरेश तांब्या घेऊन सोबत होता. हिराबाई दूर बाकावर. आधाराशिवाय त्यांना उठता येत नाही. चौथे माणूस नव्हते.

परत आलो, तर पुतळा उजव्या कुशीवर होता. गुडघे पोटाशी घेतलेले. एक हात नारळाखाली.

पिठाला एकही तडा नव्हता.

“गुरुजी... तुम्ही असंच ठेवलेलं ना?” नरेशने विचारले.

“नाही,” मी म्हणालो.

त्याने आईला धरून आणले. पुतळ्याकडे पाहत त्या सांगू लागल्या, “आय सांगायची... मचव्यावर जागा नसायची. घरान पन बापूस असाच झोपायचा, पाय पोटाशी घेऊन.” मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “गुरुजी, झोपलेल्या मानसाला अग्नी देतात का?”

पुतळा सरळ करणे माझे कर्तव्य होते. मी हात पुढे केला. तो पोचला नाही... भय म्हणा. कुणाची झोप मोडू नये, असेही वाटले.

हिराबाई खाली बसल्या. पुतळ्याच्या खांद्यावर हात ठेवून त्यांनी हाक मारली, “बाबा, उठा. घर आलं.” जन्मात पहिल्यांदाच त्या कुणाला ‘बाबा’ म्हणत असाव्यात. आम्ही थांबलो. खाडीला भरती लागली होती; पाणी काठावर चढेपर्यंत थांबलो. काहीच हालले नाही.

“दे,” त्या मुलाला म्हणाल्या.

नरेशने अग्नी दिला. ओले पीठ असूनही पुतळ्याने तत्क्षणी पेट घेतला.

घरी पोचवताना हिराबाईंनी विचारले, “आयशीच्या फोटोवरचं कुकू आता ठेवू का पुसू?”

मी ‘ठेवा’ म्हणालो. त्या दिवशी आम्ही काय जाळले, हे मला आजही सांगता येत नाही. आणि त्या उत्तराला शास्त्राधार विचाराल, तर तोही माझ्यापाशी नाही.