अक्कांच्या मागच्या दारातला भात

आमची मांजरी चौदा वर्षांची झाली त्या वर्षी ती अचानक तरुण झाली, असं मी सगळ्यांना कौतुकाने सांगत होते. दिवसभर दिवाणावर लोळणारी ती आता घरभर धावायची, फ्रिजवर उडी मारायची, खिडकीत बसून मोठ्याने ओरडायची. खायचीही भरपूर. सकाळी उकडलेला मासा आणि भात संपवला की तासाभरात पुन्हा वाटीपाशी येऊन उभी. या वयात एवढी भूक म्हणजे तब्येत ठणठणीत, असं मी धरून चालले होते.

पण विंचरताना हाताला तिचा कणा लागायला लागला. आधी वाटलं, केस गळताहेत म्हणून तसं लागतंय. मग एके दिवशी नवऱ्याने तिला प्रवासाच्या बॅगा तोलायच्या काट्याला पिशवीत घालून लटकवलं. तो सरकारी कारखान्यात इंजिनियर होता, निवृत्त झाल्यावरही त्याला मोजल्याशिवाय चैन पडत नाही. काटा अडीच किलोच्या जरा पुढे गेला. लस टोचायला नेलं होतं तेव्हा ती चार किलोची होती. दुप्पट खाणारी मांजरी वाळत होती.

मला पहिला संशय नवऱ्याचा आला. संध्याकाळचं खाणं तो द्यायचा. टीव्हीच्या नादात विसरत असेल आणि विचारल्यावर दिलं म्हणून सांगत असेल. मी वाटी लपून बघायला लागले. वाटी भरलेली असायची, मग रिकामी व्हायची. त्याच्याकडून काही चुकत नव्हतं.

दुसरा संशय खालच्या मजल्यावर गेला.

खाली अक्का राहतात. सत्तरी ओलांडलेल्या, एकट्या. त्यांचं घराणं कित्येक पिढ्या याच कानडी शहरातलं. घरात मराठीच बोलतात, पण अर्धे शब्द कन्नड. आम्ही पुण्याहून नोकरीसाठी आलो त्याला तीस वर्षं झाली, तरी त्यांच्या लेखी आम्ही नवेच. आमचे संबंध चांगले होते, पण आदल्या वर्षी मांजरीने त्यांच्या मोगऱ्याच्या कुंड्या उकरल्या होत्या आणि तेव्हापासून अक्का जरा तुटक बोलायच्या. एका सकाळी मांजरी माझ्या कडेवर असताना जिन्यात भेटल्यावर त्यांनी सरळच विचारलं, "वहिनी, हिला घरात खायला घालत नाही का तुम्ही? माझ्या ओट्यावरचं उप्पीट खाऊन गेली काल."

मला ते फार लागलं. मांजरीला पोटभर मिळतं, असं मी म्हणाले, तर त्यांनी तिच्या बरगड्यांकडे बघितलं आणि आत गेल्या. मी वर आले ती रागातच. उप्पीट खाणारी मांजर कधी कोणी पाहिली आहे का? अक्का तिला काहीतरी देत असणार, आणि जे देत असतील त्यानेच ती झिजत असणार. कुंड्यांचा राग माझ्या डोक्यात होताच. एकदा तिथवर विचार गेला की पुढचं सगळं त्यात बसत गेलं. मांजरी आठवड्यातून दोनदा ओकायची. पाणीही जास्त प्यायची. खालून वर आली की धापा टाकायची.

मी पाळत ठेवली. आमच्या मागच्या गॅलरीतून अक्कांचं मागचं दार दिसतं. तिसऱ्या दिवशी दुपारी त्या बाहेर आल्या, पायरीवर स्टीलची ताटली ठेवली आणि आत गेल्या. मांजरी आधीच तिथे जाऊन बसलेली होती. मी धावत खाली गेले. ताटलीत दहीभात होता, आणि भातावर पांढरी पूड भुरभुरलेली होती.

मी तिला उचललं, भाताचा एक घास प्लास्टिकच्या पिशवीत भरला आणि वर येऊन नवऱ्याला म्हणाले, चल, आत्ताच्या आत्ता डॉक्टरांकडे. नवरा म्हणाला, आधी अक्कांना विचारूया. मी म्हणाले, विष घालणारा माणूस कबूल करतो का?

जयनगरातल्या दवाखान्यात जनावरांची डॉक्टर तरुण मुलगी होती. मी टेबलावर मांजरीच्या आधी ती पिशवी ठेवली. तिने पिशवी बाजूला सारली आणि स्टेथोस्कोप लावला. बराच वेळ घड्याळाकडे बघत ऐकत राहिली. ठोके मिनिटाला दोनशे चाळीस होते. मग तिने मांजरीची हनुवटी वर उचलून दोन बोटं गळ्यावरून सावकाश खाली फिरवली, आणि माझं बोट धरून त्याच जागी ठेवलं. कातडीखाली मटारच्या दाण्याएवढं काहीतरी सरकलं.

मी पुन्हा विषाचं काढलं. ती हिंदीत शांतपणे म्हणाली, "विषबाधा झाली की मांजर खाणं सोडतं. हिची भूक वाढली आहे आणि वजन उतरलंय. म्हाताऱ्या मांजरांत असं दिसलं की मी आधी थायरॉइड बघते."

भूक वाढून वजन उतरायला मधुमेहही कारण असतो, म्हणून साखर बघायची, शिवाय यकृत आणि मूत्रपिंडं, असं सांगत तिने रक्त काढलं. एवढ्या तपासण्या कशाला, हाही संशय माझ्या मनात येऊन गेला. दोन दिवसांनी तिचा फोन आला. थायरॉइडचं संप्रेरक मर्यादेच्या कितीतरी वर होतं. गळ्यातली ग्रंथी वाढून गरजेपेक्षा जास्त काम करत होती. बहुतेक वेळा ही वाढ साधी असते, कॅन्सरची नसते, असंही ती म्हणाली. मी जिला तरुण झाली म्हणत होते तिचं शरीर आतून धावत होतं, तिला बसता येत नव्हतं.

थायरॉइड म्हटल्यावर मी दचकले. मला स्वतःला थायरॉइड आहे, माझा कमी. रोज सकाळी उपाशीपोटी गोळी घेते. माझ्याच गोळ्या तर हिच्या पोटात गेल्या नाहीत? घरातली सगळी पाकिटं काढून मी गोळ्या मोजल्या. एकही कमी नव्हती. नवऱ्याने तरीही मांजरीच्या गोळ्या वेगळ्या स्टीलच्या डब्यात ठेवल्या, वर लाल दोरा बांधला.

उपचार सांगायला सोपा होता. अर्धी गोळी सकाळी, अर्धी संध्याकाळी, आणि जन्मभर. गोळीला हात लागला की हात धुवायचे. तीन आठवड्यांनी पुन्हा रक्त. तोंड खाजवायला लागली किंवा खाणं सोडलं तर लगेच कळवायचं. सकाळची माझ्याकडे, संध्याकाळची नवऱ्याकडे अशी आम्ही वाटणी केली.

तीन आठवड्यांनी आकडा जेमतेम उतरला होता. डॉक्टरने विचारलं, गोळी नक्की पोटात जाते ना? मी नवऱ्याकडे बघितलं. घरी आल्यावर मी त्याला बोलले, की तू माशात गोळी लपवतोस आणि ती मासा खाऊन गोळी टाकते, तुला दिसत नाही. तो भांडला नाही, जेवण उरकून टीव्हीसमोर जाऊन बसला.

दुसऱ्या दिवशी मी दिवाणाची गादी उचलली. भिंतीकडच्या फटीत अर्ध्या गोळ्या पडल्या होत्या, फुगून पिवळ्या झालेल्या. नऊ. त्या दिवाणावर मांजरी सकाळी बसते. संध्याकाळी ती स्वयंपाकघरात खाते. त्या सगळ्या माझ्या हातच्या होत्या. मी नवऱ्याला बोलावून दाखवल्या. तो वाकून बघत राहिला आणि म्हणाला, आता हिला धरायला कोणीतरी हवं.

तेव्हा मी खाली गेले. त्या पिशवीनंतर मी अक्कांना टाळतच होते. मी त्यांना आजाराचं सांगितलं, आणि मग विचारलं, "भातावर ती पूड कसली होती?"

"माझी कॅल्शियमची गोळी," त्या म्हणाल्या. "कुटून घालत होते. हाडं हाडं दिसायला लागली होती तिची. काही वाईट झालं का?"

मी म्हणाले, नाही, पण यापुढे घालू नका. मग सांगून टाकलं की मी तो भात डॉक्टरांकडे नेला होता, आणि का नेला होता. अक्कांचा चेहरा उतरला. मला वाटलं, आता दार लावतील.

"सरी, असू दे," त्या म्हणाल्या. "मी पण तुमचा कचऱ्याचा डबा उघडून बघायची, वहिनी. माशाचे काटे असतात का बघायला. मला खरंच वाटलेलं, उपाशी ठेवता तुम्ही तिला."

मला राग यायला हवा होता. आला नाही. गोळी देताना तिला धराल का, असं मी विचारलं. दुसऱ्या दिवसापासून अक्का सकाळी आठ वाजता वर येतात, मांजरीला टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेतात, आणि मी जिभेच्या मागे गोळी टाकते. मग त्या तिचा गळा चोळतात, स्वल्प थांबा म्हणतात, आणि ती गिळल्याशिवाय सोडत नाहीत.

पुढच्या तपासणीत आकडा मर्यादेत आला, पण मूत्रपिंडं थकल्याचंही कळलं. थायरॉइड रक्त जोराने पळवत होता तोवर ती कमजोरी झाकलेली होती, असं डॉक्टरने समजावलं. गोळी थोडी कमी केली, खाणं बदललं. आता ती सव्वातीन किलोची आहे. दिवसाचा बराच वेळ झोपते. परवा ती सलग चार तास हलली नाही, तर मी जाऊन तिच्या पोटावर हात ठेवला. श्वास नीट चालू होता. पाच मिनिटांनी अक्काही वर आल्या, दुपारची ती मागच्या दारात आली नाही म्हणून विचारायला.